१२ नोव्हेंबर १९४२ : एका रेडिओचा शेवटचा दिवस

पंचवटीतून पूल ओलांडून आम्ही रोज उर्दू शाळेत शिकवायला जातो. १५ ऑगस्टला आमची मुले अल्लामा इक्बाल यांचा 'तराना-ए-हिंदी' गातात. हा तराना त्यांना तोंडपाठ आहे. पण १९४२ साली मुंबईतील एका गुप्त रेडिओचा कार्यक्रम याच तराण्याने सुरू होत असे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मुलांनाच कशाला, आपल्यातील अनेक शिकलेल्या मंडळींनाही ते ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसरे महायुद्ध सुरू होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'छोडो भारत'चा ठराव केला. हे घोषवाक्य युसूफ मेहेरअली यांच्या नावे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात नेण्यात आले. नेते कुठे आहेत, हेदेखील सरकार सुरुवातीला लोकांना सांगत नव्हते. वर्तमानपत्रांवर बंधने होती. ऑल इंडिया रेडिओ सरकारच्याच हातात होता.

त्या सरकारी रेडिओतही आपल्या उर्दूची मोठी माणसे होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्याचे प्रमुख होते अहमद शाह बुखारी, म्हणजेच आपले विनोदी लेखक पतरस बुखारी. सआदत हसन मंटो यांनीही १९४१-४२ मध्ये दिल्ली केंद्रावर नोकरी केली. तिकडे जर्मनीतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता. लढाई रणांगणावर होती, तशीच ती घराघरांतील रेडिओच्या खोक्यातही होती.

अशा वेळी मुंबईतील काही तरुणांनी स्वतःचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजात शिकलेल्या २२ वर्षांच्या उषा मेहता त्यात पुढे होत्या. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे साथी. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामानाची मदत केली. डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन मिळाले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले. ही लघुलहर होती. लघुलहर आकाशातील वरच्या थरावर आपटून परत खाली येते आणि दूरवर पोचते. म्हणून एका खोलीतील आवाज मुंबईबाहेरही ऐकता येत असे.

केंद्र हिंदुस्थानात कुठे तरी आहे, एवढेच श्रोत्यांना सांगितले जाई. सुरुवातीला दिवसातून दोनदा आणि पुढे संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान एकदाच कार्यक्रम होई. भाषा दोन, हिंदुस्थानी आणि इंग्रजी. पोलीस मागावर असल्याने जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथील उठाव व त्यानंतरचे अत्याचार या बातम्या, ज्या छापायची सोय नव्हती, त्या या रेडिओने घरोघर पोचवल्या. विदर्भातल्या एका गावात काय घडले, हे मुंबईच्या माणसाला अशा चोरट्या आवाजातून कळत होते.

आता तो शेवटचा दिवस. १२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांनी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा घातला. आपल्यातल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना माहिती पुरवली होती. उषा मेहता तेथून निसटल्या. त्यांना पळून जाता आले असते. पण संध्याकाळचा कार्यक्रम व्हायचा होता. चंद्रकांत झवेरींसह त्या गिरगावातील पारेख वाडीत गेल्या आणि नेहमीप्रमाणे प्रक्षेपण सुरू केले. आरंभी तराना असे, अखेरीस 'वंदे मातरम्'. ही शेवटची तबकडी वाजत असताना दरवाजे फोडून पोलीस आत आले. तबकडी बंद करा, असे फर्मावले. या दोघांनी ती बंद केली नाही. २७ ऑगस्टपासून धरले तर तो ७८वा दिवस होता.

पुढे खटला चालला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली बाहेर आल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. गंमत अशी की, या प्रक्षेपणांचे शब्द आज वाचायला मिळतात ते पोलिसांमुळे. पकडण्यासाठी ते रोज ऐकत आणि लिहून ठेवत.

आम्ही हा इतिहास सांगतो तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुस्लिम लीग 'छोडो भारत'पासून दूर राहिली होती. १९०४ साली हा तराना लिहिणारे इक्बाल पुढे वेगळ्या विचाराकडे गेले. १९३८ साली ते वारले, त्यामुळे हा रेडिओ त्यांनी ऐकलाच नाही. 'वंदे मातरम्'वर आपल्या समाजाचे आक्षेप होते आणि १९३७ मध्ये काँग्रेसने त्याची पहिली दोन कडवीच स्वीकारली होती. हे सगळे वाद त्या तरुणांच्या कानावर असणारच. तरी जिवावर उदार होऊन चालवलेल्या त्या कार्यक्रमात त्यांनी दोन्ही गीतांना जागा दिली. कवी पुढे कुठे गेला, यावरून त्यांनी त्याच्या कवितेला परकी ठरवले नाही.

आज उर्दूला कोणी परकी भाषा म्हणतो तेव्हा आमची मुले गप्प बसतात. त्यांच्याजवळ उत्तर नसते, कारण आम्ही ते दिलेले नसते. म्हणून वर्गात तराना शिकवताना शब्दार्थांबरोबर पारेख वाडीची ती संध्याकाळही शिकवावी, असे आम्ही ठरवले आहे. आणि एक काम मुलांना द्यायचे आहे. घरात, मोहल्ल्यात, गोदेच्या दोन्ही काठांवर जी वयस्क माणसे आहेत, त्यांना विचारा : तुमच्या वडिलांनी, आजोबांनी त्या काळी रेडिओवर काय ऐकले होते? जे सांगतील ते उर्दूत लिहा, मराठीत लिहा. आपली नोंद आपणच ठेवायला हवी. ती दर वेळी पोलिसांच्या दप्तरात सापडेलच असे नाही.