काळजीने बंद केलेलं दार : ललिता बाबर आणि बायकांच्या लांब शर्यतींचा इतिहास



आजचा विषय एका धावपटूचा असला तरी व्याख्यान इतिहासाचंच आहे. खेळाडूची कारकीर्द सांगायची म्हटलं की आपण पदकं मोजायला बसतो. किती सुवर्ण, किती रौप्य, झालं. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपण विचारत नाही. ज्या शर्यतीत ती धावली, ती शर्यत तिच्यासाठी उघडी केव्हा झाली?

सुरुवात नेदरलँड्सपासून करू. १९२८ साली ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक भरलं. बायकांना धावण्याच्या आणि मैदानी स्पर्धांत त्या वर्षी पहिल्यांदाच प्रवेश मिळाला. त्यांच्यासाठी सर्वांत लांबची शर्यत होती ८०० मीटर. जर्मनीच्या लिना राडके हिने ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. म्हणजे त्या पहिल्याच शर्यतीत आशियातली एक मुलगी पदक घेऊन गेली.

पण वर्तमानपत्रांनी भलतंच चित्र रंगवलं. म्हणे, निम्म्या मुली मधेच थांबल्या, कोसळल्या, बघवत नव्हतं. या शर्यतीचं चित्रण आज उपलब्ध आहे. त्यात नऊ जणी धावतात आणि नऊही जणी शर्यत पूर्ण करतात. रेषा ओलांडल्यावर काही जणी जमिनीवर टेकतात, एवढंच. पुरुषही टेकतात, त्यात नवल काय?

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. म्हणजे ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, त्याचा. इथे प्रत्यक्ष एक सांगत होतं आणि बातमीदार दुसरंच सांगत होते. जगाने बातमीदारांचं ऐकलं. बायकांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. ती परत यायला १९६० चं रोम उजाडलं. बत्तीस वर्षं!

आता नीट लक्ष द्या. ही बंदी द्वेषातून आली नाही, काळजीतून आली. नाजूक शरीर आहे, झेपणार नाही, पुढे मूलबाळ व्हायचं आहे. हे बोलणारे लोक स्वतःला बायकांचे हितचिंतकच समजत होते. द्वेषाने लावलेलं दार ढकलता येतं. काळजीने लावलेल्या दाराला हात लावायलाच संकोच वाटतो. म्हणून तर ते जास्त वर्षं टिकतं.

त्यानंतर दारं उघडली, पण एकेक करून. १५०० मीटर १९७२ ला म्युनिकमध्ये. ३००० मीटर आणि मॅरेथॉन १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये. १०,००० मीटर १९८८ ला सोलमध्ये. ५००० मीटर १९९६ ला अटलांटामध्ये. आणि ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, थेट २००८ साली बीजिंगमध्ये. पुरुष ही ३००० मीटरची शर्यत १९२० पासून धावत होते, बरं का!

बर्फावरही हेच घडलं. नेदरलँड्स म्हणजे वेगाच्या स्केटिंगचं माहेरघर. तिथली इरेन वुस्ट हिने २००६ ते २०२२ अशा सलग पाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. पण तिच्या आधीच्या पिढ्यांना ऑलिंपिकचा बर्फ १९६० पर्यंत अधिकृतपणे मोकळा नव्हता. बायकांची ५००० मीटर स्केटिंग तर १९८८ ला कॅल्गरीत आली आणि ती नेदरलँड्सच्याच इव्हॉन फान खेन्निप हिने जिंकली. १०,००० मीटर तिथे आजही फक्त पुरुषांची आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेतला, दुष्काळी. तिथल्या मोही गावात १९८९ साली, शेतकरी घरात ललिता बाबरचा जन्म झाला. बायकांची १०,००० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये येऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. स्टीपलचेसचं दार उघडलं तेव्हा ललिता एकोणीस वर्षांची होती.

ललिता मुळात लांब पल्ल्याची धावपटू. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉन तिने २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली आणि भारतीय महिलांत ती पहिली आली. पण तोवर तिने ४२ किलोमीटरवरून ३ किलोमीटरच्या स्टीपलचेसकडे मोर्चा वळवलेला होता. हा निर्णय सोपा नव्हे. या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. इथले अडथळे साध्या हर्डल्ससारखे धक्का लागून पडत नाहीत. ते घट्ट रोवलेले असतात, धडकलं तर आपणच पडतो. दमलेल्या पायांनी तीच उडी पुन्हा पुन्हा मोजून घ्यावी लागते. आपला भंडारा तलावांचा जिल्हा, आपल्याला पाण्याचं अप्रूप नाही. पण जिच्या तालुक्यात पाण्यासाठी वणवण, तिने पाण्यावरून उडी मारण्यात नाव काढलं.

तिचं घड्याळ बघा. सप्टेंबर २०१४, इंचिऑन आशियाई स्पर्धा : ९ मिनिटं ३५.३७ सेकंद, कांस्य. जून २०१५, वुहान, आशियाई अजिंक्यपद : ९:३४.१३, सुवर्ण. ऑगस्ट २०१५, बीजिंग, जागतिक स्पर्धा : प्राथमिक फेरीत ९:२७.८६ आणि अंतिम फेरीत आठवी. ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक : प्राथमिक फेरीत ९:१९.७६. दोन वर्षांच्या आत पंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा. त्यामागे बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांचं कडक मार्गदर्शन होतं.

रिओची अंतिम फेरी १५ ऑगस्टला झाली. ललिता ९:२२.७४ वेळेसह दहावी आली. लोक म्हणाले, पदक कुठे आहे? अहो, धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली होती ती १९८४ साली, पी. टी. उषा. त्यानंतर थेट ललिता. मधे पुन्हा बत्तीस वर्षं! ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर परत यायला जेवढी लागली, तेवढीच. या दोन आकड्यांचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही, तो जोडूही नये. पण दोन्हीकडे गेला तो एका पिढीचा काळ, हे लक्षात ठेवावं.

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिचा राष्ट्रीय विक्रम २०२३ साली बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ वेळेने मोडला. यात हळहळण्यासारखं काही नाही. विक्रम मोडला जाणं म्हणजे मागून कोणीतरी येत असल्याची खूण. मोडायला कोणी आलीच नाही, तर दार पुन्हा लोटलं गेलं असं समजावं.

हे सगळं भंडाऱ्यात सांगण्याचं कारण काय? साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर, कुठल्याही रस्त्याने पहाटे जा. पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. आणि भरतीत मुलींना कोणतं अंतर धावावं लागतं? ८०० मीटर. जे अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही म्हणून जगाने बत्तीस वर्षं बंद ठेवलं, तेच आज आपल्या खेड्यातल्या मुलीला नोकरीसाठी धावून दाखवावं लागतं! युक्तिवादाने जे सिद्ध होत नव्हतं, ते पायांनी सिद्ध करून दाखवलं.

पण काम संपलेलं नाही. भरतीचं वय संपलं, लग्न ठरलं, की धावणं थांबतं. कोणी मारून थांबवत नाही. "अंधार असते, एकटी नको जाऊ", "आता कशाला जीवाला त्रास?" असं मायेनेच थांबवलं जातं. काळजी खोटी नसते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण खरी काळजी असेल तर रस्त्यावर दिवा लावा, मैदान करा, सोबत दोघी-चौघी जमवा. धावणं बंद करणं हा काळजीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

आपल्या घरातली एखादी पोरगी ८०० मीटर धावून आली, तर किती मार्क मिळतील हे विचाराच. ते पोटाचं आहे, त्याला कमी लेखू नये. पण त्यापुढे एवढंही विचारा, की बाई, यापेक्षा लांब धावायला आवडेल का? ललिताच्या बाबतीत कोणीतरी हे विचारलं असणार, किंवा तिने स्वतःच स्वतःला विचारलं असणार. भंडाऱ्यातही हे विचारलं गेलं पाहिजे.