हुंडीतलं 'निमे' आणि ईमेलमधलं 'फ्रॉम'

जुन्या हुंडीवर रक्कम कशी लिहीत, माहीत आहे? एकदा आकड्यात, एकदा अक्षरात आणि तिसऱ्यांदा वेगळ्याच वाटेने: रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरी रक्कम द्यावी. आकड्यापुढे एक शून्य वाढवणं सोपं असतं. पण तिन्ही जागी, त्याच शाईत आणि त्याच वळणात फेरफार करायला हात कसबी लागतो. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्याकडे मजकुरात वाटेत बदल झाला का हे तपासायला चेकसम नावाची गोष्ट असते. बाजारपेठेतल्या मुनीम-दिवाणजींनी ती वीज यायच्या आधीच वापरात आणली होती.

आणि तेवढ्यावर ते थांबले नव्हते. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत; तीही हरवली तर परपेठ. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूला मिळत नसत. पेढीवर येऊन पैसे मागणारा बाजारात पत असलेला 'शहा'च असावा लागे, आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर ती रक्कम व्याजासह परत करायची जबाबदारी त्याची. शिवाय हुंडी लिहिणारा आपल्या आडत्याला वेगळं पत्र पाठवून कळवून ठेवी, की अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर लिहिली आहे. म्हणजे पैशाचा कागद एका वाटेने आणि त्याची खातरजमा दुसऱ्या वाटेने.

आज छोटा व्यवसाय चालवणारा माणूस बिल ईमेलने पाठवतो, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेतो, जाहिरात इन्स्टाग्रामवर करतो. या नव्या पेढीत पत कशी तपासायची, याचे नियम आपल्याला 'टिप्स' म्हणून मिळतात: हे करा, ते करू नका. त्यामागचं कारण कोणी सांगत नाही, म्हणून ते लक्षातही राहत नाहीत. खरं तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे कोणाला तरी बसलेली ठेच आहे.

पहिली जाहिरात

मे १९७८. इंटरनेट अजून जन्मायचं होतं. त्याचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट अमेरिकेतल्या विद्यापीठांना आणि संशोधनसंस्थांना जोडत होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या मार्केटिंग विभागातल्या गॅरी थ्युर्कला नव्या मशीनची प्रात्यक्षिकं दाखवायची होती. अर्पानेट वापरणाऱ्यांची छापील डिरेक्टरी असे. त्यातून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे चारशे पत्ते काढून त्या सगळ्यांना एकच संदेश गेला. पत्ते इतके झाले की ठरलेल्या जागेत मावेनात. उरलेले थेट मजकुरात सांडले. लोकांना आधी पत्त्यांची लांबलचक यादी दिसली, मग आमंत्रण.

तक्रारींचा पाऊस पडला, नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी समज दिली. पण थ्युर्कने पुढे सांगितलं, की त्या एका संदेशामुळे एक कोटी डॉलरहून जास्त किमतीची यंत्रं विकली गेली. पुढच्या सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे. नको असलेली जाहिरात लोकांना चीड आणते, आणि तरीही पाठवणाऱ्याला परवडते, कारण चारशे पत्रांना चारशे तिकिटं लावावी लागत नाहीत. टपालात खर्च पाठवणाऱ्याचा. ईमेलमध्ये खर्च वाचणाऱ्याचा, म्हणजे त्याच्या वेळेचा.

आजही दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच ईमेलमध्ये, सगळे पत्ते उघडे ठेवून पाठवणारी दुकानं आहेत. हे म्हणजे आपली खतावणी चौकात टांगण्यासारखं आहे. सगळ्यांना एकदम पाठवायचंच असेल, तर पत्ते 'बीसीसी'मध्ये घाला किंवा त्यासाठी असलेली सेवा वापरा.

पाकिटावरचं नाव

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले. एसएमटीपी नावाचे ते नियम थोड्याफार फरकाने आजही चालू आहेत. त्यात एक मोठी मोकळीक होती. ईमेलवर 'फ्रॉम' या जागी काय लिहायचं, हे पाठवणारा ठरवतो आणि ते खरं आहे का, हे कोणी विचारत नाही. पोस्टाच्या पाकिटामागे 'प्रेषक' म्हणून कोणाचंही नाव लिहिता येतं, तसंच. त्या काळी नेटवर्कवरचे बहुतेक लोक एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे ही चूक वाटली नाही. सगळी पेठ शहांचीच असेल, तर शहाजोगची गरज काय?

मग पेठ वाढली. १९९४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीनकार्ड लॉटरीची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकदम टाकली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. हॉटमेलची युक्ती साधी होती: प्रत्येक ईमेलच्या तळाशी एक ओळ, तुम्हालाही असा फुकट ईमेल मिळू शकतो. जाहिरात ओळखीच्या माणसाच्या पत्रातून येत होती, म्हणून कोणाला टोचली नाही. दीड वर्षाच्या आत मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरला विकत घेतली. थ्युर्कची जाहिरात अनोळखी माणसाची होती आणि हॉटमेलची ओळखीच्या माणसाच्या हातून आलेली. ईमेल मार्केटिंगबद्दल मला माहीत असलेला सर्वात उपयोगी धडा हाच आहे. पत्त्यांच्या तयार याद्या विकत घेऊ नका. दुकानात येऊन ज्याने स्वतः पत्ता दिला, तो एक पत्ता विकतच्या हजारांना भारी असतो.

ओळखीच्या नावाचं वजन चोरांनाही कळलं. नव्वदीच्या मध्यात 'अमेरिका ऑनलाइन'च्या ग्राहकांना कंपनीचे कर्मचारी असल्याचं भासवून पासवर्ड विचारले जाऊ लागले. 'फिशिंग' हा शब्द तिथलाच. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस फिलिपिन्समधून निघून काही तासांत जगभर पसरला. ईमेल ओळखीच्याच माणसाकडून येई आणि सोबतची फाइल साधं प्रेमपत्र वाटे, कारण विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवत असे. लिहिणारा सापडला, पण त्याच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. त्या देशात तेव्हा अशा गुन्ह्याचा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी झाला, पण त्यातही फिशिंगचं नाव नव्हतं. २००५ मध्ये नॅसकॉमच्या नावाने खोटे ईमेल पाठवल्याचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आलं, तेव्हा वेगळा कायदा नसूनही हे कृत्य बेकायदा असल्याचं न्यायालयाने म्हटलं.

उशिरा आलेलं 'निमे'

'फ्रॉम'ची मोकळीक बुजवायला इंजिनिअरांनी दोन-तीन दशकं घेतली. २००६ मध्ये एसपीएफ आलं: माझ्या नावाने ईमेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला, याची जाहीर यादी. २००७ मध्ये डीकेआयएम: मजकुरावर गणिती शिक्का, वाटेत अक्षर बदललं तर शिक्का जुळत नाही. म्हणजे हुंडीतलं 'निमे'च. २०१२ मध्ये डीमार्क: शिक्का किंवा यादी जुळली नाही तर पत्राचं काय करायचं, याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. जाहिरातीतून एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोयही. तुमची यादी दोनशे जणांची असली तरी हे करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि न केल्यास तुमचं खरं बिल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडून राहतं.

पण शिक्क्यालाही मर्यादा असते. आमच्या एका मामांची कोल्हापूरजवळ शिरोलीत छोटी फाउंड्री आहे. दोनेक वर्षांपूर्वी कच्चा माल देणाऱ्या पार्टीचा ईमेल आला: आमचं खातं ऑडिटमध्ये अडकलं आहे, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा. लेटरहेड तेच, बिलाचा नंबर बरोबर, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार. रक्कम सव्वाचार लाख. मामा आरटीजीएस करायला बसलेच होते. त्यांचे दिवाणजी सत्तरीचे, कॉम्प्युटरला फारसा हात न लावणारे. ते म्हणाले, "थांबा मालक, आधी फोन लावतो." आणि त्यांनी बिलावरचा नाही, तर स्वतःच्या डायरीतला नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही कुठं खातं बदललंय?"

झालं होतं असं, की त्या पार्टीच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला होता. चोर कित्येक दिवस पत्रव्यवहार वाचत बसला आणि बिलाची वेळ येताच मध्ये घुसला. ईमेल खरोखर त्यांच्याच खात्यातून आल्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं बिनचूक जुळत होतं. दिवाणजींनी नकळत जुनीच रीत पाळली: कागद एका वाटेने, खातरजमा दुसऱ्या वाटेने.

यात फक्त लहान माणसंच फसतात असं नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा या खऱ्या पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लॅटव्हियात काढली आणि गूगल व फेसबुकला खोटी बिलं पाठवली. दोन्ही कंपन्यांनी मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. फरक इतकाच, की त्या कंपन्यांना तो फटका सोसला. सव्वाचार लाख गेले असते, तर मामांच्या फाउंड्रीत दिवाळीचा बोनस थांबला असता.

गाळा कोणाच्या नावावर?

वेबसाइटची गोष्टही पतीचीच आहे. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं आणि हौशी, छोट्या व्यावसायिकांची असंख्य पानं गेली. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्यावर गिऱ्हाईक जमवलेल्या गावोगावच्या लोकांचे फॉलोअर एका रात्रीत नाहीसे झाले. बंदीचं कारण काहीही असो, जागा भाड्याची होती. म्हणून सोशल मीडिया जरूर वापरा, पण स्वतःच्या नावाचं डोमेन, एक साधं पान आणि गिऱ्हाइकांची यादी आपल्याकडे असू द्या.

आणि डोमेन खरोखर आपल्या नावावर आहे ना, ते बघा. पुष्कळदा ते वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असतं, आणि त्याने नोकरी बदलली की सापडत नाही. मुदतही संपू देऊ नका. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेलचं लॉगिन अडखळलं. शेवटी एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरून टाकले! तुमच्या वेळी असा भला माणूस भेटेलच असं नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेबद्दलही एक गैरसमज आहे. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने सुरक्षा प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे तुमच्या साइटला कुलूप नसण्याचं आता कारण उरलं नाही. पण ते चोराच्या साइटलाही मिळतं. वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच कुलूप सांगतं; पलीकडे कोण बसलंय, ते सांगत नाही. त्यासाठी पत्ता अक्षर-अक्षर वाचावा लागतो. इंग्रजी 'आर' आणि 'एन' जवळ आले की छोट्या स्क्रीनवर 'एम' वाटतात.

तेव्हा घरात कोणाचं दुकान, वर्कशॉप, खानावळ असेल, तर या रविवारी एक तास काढा. धंद्याच्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रं अनोळखी पत्त्यावर आपोआप पुढे जात नाहीत ना, ते पाहा. डोमेन कोणाच्या खात्यात आहे आणि कधी संपतं, ते लिहून ठेवा. साइटची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. खाते क्रमांक बदलल्याचं कोणीही कळवलं, तर जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, हा नियम पैसे भरणाऱ्या माणसाच्या टेबलासमोर चिकटवा. आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते. तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही.