हसवणारे ठोसे, हरवलेली रिळे

धिप्पाड प्रतिस्पर्ध्यासमोर उभा केलेला भेदरट नायक हा मुष्टियुद्धावरील विनोदी चित्रपटांचा मूळ आधार होय. चार्ली चॅप्लिनने ‘द चॅम्पियन’मध्ये (१९१५) हातमोज्यात घोड्याचा नाल दडवला, तर ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) तो पंचाच्या आडोशाने बचाव करीत राहिला. बस्टर कीटनच्या ‘बॅटलिंग बटलर’मध्ये (१९२६) एका नाजूक श्रीमंतावर नामसाधर्म्यामुळे मुष्टियोद्ध्याचे सोंग घेण्याची वेळ येते. या विनोदाला भाषेची अडचण नाही. त्यामुळे जगभरचे संग्राहक आजही या चित्रपटांच्या शोधात असतात.

हौशीपलीकडे अशा संग्रहाचे मोल काय, याचे उदाहरण म्हणजे हॅरोल्ड लॉइडचा ‘द मिल्की वे’ (१९३६). मुष्टियोद्धा बनलेल्या दूधवाल्याची ही कथा निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी १९४६ मध्ये ‘द किड फ्रॉम ब्रुकलिन’ या नावाने पुन्हा पडद्यावर आणली. त्यासाठी जुन्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह व बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. लॉइडने स्वतःजवळ जपलेली प्रत तेवढी वाचली.

मराठी माणसाला या परंपरेतले जवळचे नाव म्हणजे भगवान आबाजी पालव, अर्थात भगवानदादा (१९१३-२००२). पालव हे आडनाव मालवण, कणकवली परिसरात परिचयाचे. भगवानदादांचा जन्म मात्र अमरावतीचा. गिरणी कामगाराच्या या मुलाला कुस्तीचा नाद होता. ‘अलबेला’पूर्वी (१९५१) त्यांनी अल्प खर्चात मारधाडीचे अनेक चित्रपट काढले. त्यांतील भोळाभाबडा नायक ते स्वतःच रंगवीत. कामगारवर्गाने या चित्रपटांना उचलून धरले. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोकणातील चाकरमान्यांचा मोठा भरणा होता. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत यांतील बहुतेकांच्या निगेटिव्ह जळाल्याचे सांगितले जाते. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती.

नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म सहजी पेट घेत नाही. पण उष्ण, दमट हवेत तिला आंबूस वास येतो आणि ती आकसते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात फिल्मवर आणि व्हिडिओ कॅसेटवर बुरशी धरते. म्हणून रिळे कोरड्या, थंड जागी ठेवावीत, आंबूस वासाची रिळे वेगळी काढावीत आणि दुर्मीळ प्रतीबाबत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी वेळीच संपर्क साधावा. माळ्यावरच्या एखाद्या गंजक्या डब्यात हरवलेल्या चित्रपटाची अखेरची प्रतही असू शकते.