वेगळी शाळा मागितली कुणी?

जोतीबांच्या एका मागणीपाशी आपल्यातले बरेच जण अडखळतात. १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ते म्हणाले, महार-मांगांची वस्ती जिथं पुरेशी मोठी आहे तिथं त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा. मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं घराणं, आयुष्यभर जात मोडायला निघालेला माणूस, आणि वेगळेपणा मागतो? मला यात काही विपरीत दिसत नाही. पण त्यासाठी २६ वर्षं मागं जावं लागतं.

जून १८५६. धारवाडच्या एका महार पोरानं मुंबई सरकारकडं अर्ज केला, मला सरकारी शाळेत घ्या. वेगळी नको, हीच पायजे. सरकार म्हणालं, न्याय तुझ्या बाजूनं आहे खरा, पण तुला एकट्याला घेतलं तर बाकी सगळ्यांच्या दृष्टीनं शाळा निकामी होईल. म्हणजे न्याय कबूल अन् दार बंद! पुढं १८५८ ला लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांनी बजावलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या. तो कागद गावापर्यंत यायचा कसा? शाळा भरायची कुठं देवळात, कुठं चावडीत. देवळाची पायरी ज्याला बंद, त्यानं त्याच देवळात बाराखडी गिरवायची होती.

आपल्या भागात आणखी एक गुंता. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तासगाव, वाळवा इंग्रजांच्या साताऱ्यात, तर सांगली, मिरज पटवर्धनांच्या संस्थानात. मुंबईचा हुकूम एका गावाला लागू, शिवेपलीकडं राजाची मर्जी. (दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ ला, त्याचं नाव सांगली झालं १९६० ला.)

जोतीबांनी पुण्यात महार-मांगांच्या शाळा स्वतः चालवल्या होत्या. खुलं दार नुसतं कागदावर असतं हे त्यांना ठाऊक होतं. गावाचं मन पालटेपर्यंत पोरांनी अडाणी राहायचं काय? म्हणून वेगळी शाळा. ही शरणागती नव्हे, निकड होती. हंटर आयोगानंही तत्त्व खुल्या दाराचंच ठेवलं, पण जपून चाला म्हणाला अन् वेगळ्या शाळांची वाट दाखवली. गावाला आयतं निमित्त मिळालं : तुमची शाळा हाय की तिकडं! हा धोका होताच, तो झाकायचं कारण नाही.

आणि एकत्र शाळा मिळाली तरी काय? ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. फुलं वाहताना गोणपाट मात्र कुणी आठवत नाही. घरून न्यायचं, कोपऱ्यात अंथरून बसायचं, परत घरी आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. एका छपराखाली वेगळी शाळाच की ही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत घ्यायचा हुकूम काढला. त्याच साली काल्याला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात त्यांचं वसतिगृह उभं राहिलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहायची, हातानं रांधायची अन् एका पंगतीला बसायची. गोणपाटाच्याच गावात, चोवीस वर्षांनी.