जुनी जीप : मूळ पाठ आणि प्रक्षेप

अमेरिकेत 1964 साली पाँटियाक कंपनीची जी.टी.ओ. ही मोटार निघाली आणि मध्यम आकाराच्या गाडीत अतिबलवान इंजिन बसविण्याची तेथे चढाओढ लागली. आपल्याकडे या गाड्यांचा प्रसार झाला नाही, याचे कारण उघड आहे. मुंबईत शिवडी येथे 1928 पासून मोटारी जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्येच आपला व्यवहार आवरता घेतला होता. सातारा व सांगली (1960 पर्यंतचा ‘दक्षिण सातारा’) या जिल्ह्यांपुरते पाहिले, तर अमेरिकन मोटारीचा खरा वारसा म्हणजे जीप होय. युद्धासाठी जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने येथे जुळविली, पुढे बनविली.

अशी जुनी जीप ‘मूळ स्वरूपात’ आणणे हे पोथीच्या पाठचिकित्सेसारखेच काम आहे. मूळची जीप पेट्रोलवर चालणारी. पुढे तिच्यात डिझेल इंजिने आली, त्यांत प्यूजोच्या परवान्याने बनलेलेही होते. हौशी जीर्णोद्धारक हा प्रक्षेप मानून काढून टाकतो. आमच्या मते येथे तो घाई करतो. भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वगळलेले श्लोकही टिपांत व परिशिष्टांत जपले आहेत. गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलेल्या इंजिनाला परिशिष्ट कोठले? गाडी चालती ठेवण्यासाठी मेस्त्रीने कोणता भाग कशाला जुळवून घेतला, याचा तोच एक पुरावा असतो.

शब्दांची कथा याहून गमतीची आहे. गाडी अमेरिकन, परंतु मेस्त्रीच्या तोंडी बॉनेट, डिकी, मडगार्ड, सायलेन्सर हे सारे विलायती शब्द. अमेरिकन मनुष्य त्यांना हूड, ट्रंक, फेंडर, मफलर म्हणतो. म्हणजे यंत्र एका देशातून आले, तर त्याची भाषा दुसऱ्या देशाच्या राज्यकर्त्यांमागून आधीच येऊन बसली होती. ‘स्टेपनी’ हे तर वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव. तेथे 1904 च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाला ते चिकटले. आज ते इंग्लंडात कोणी सहसा उच्चारीत नाही, विट्या-कडेगावकडे मात्र पोरसवदा क्लीनरही उच्चारतो.

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथे एका लोहार कारागिराने भंगारातील भागांतून जीपच्या घडणीची छोटी गाडी तयार केली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होते. 2021 च्या अखेरीस तिचा बोलबाला झाला आणि 2022 मध्ये महिंद्र समूहाने बदल्यात बोलेरो देऊन ती आपल्याकडे नेली. गाडीची सोय अशी झाली. ती जोडताना कोणत्या भागाला काय म्हटले गेले, हे मात्र देवराष्ट्र्यास जाऊन विचारावे लागेल.