अडीचशे शब्दांत बहात्तरचा दुष्काळ

'डिजिटल स्टोरीटेलिंग' म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, शाळेत प्रोजेक्टर आला, मुलांना काहीतरी हलतं-बोलतं दाखवलं, झालं काम. प्रत्यक्षात प्रकरण उलटं आहे. इथे मुलं गोष्ट बघत नाहीत, बनवतात. स्वतः लिहिलेला मजकूर, स्वतःच्या आवाजात वाचलेला, खाली मोजकी स्थिर चित्रं. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. नववीला इतिहास शिकवताना मी गेली काही वर्षं हे करून बघते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पद्धतीचा उगम ना शाळेत झाला, ना कॉम्प्युटर कंपनीत. डेना अ‍ॅचली नावाचा एक अमेरिकन कलावंत १९९०च्या सुमारास 'नेक्स्ट एक्झिट' नावाचा एकपात्री प्रयोग करायचा. स्टेजवर ओंडक्यावर बसायचा, शेजारी टीव्हीच्या पडद्यावर शेकोटी पेटलेली, मागे मोठ्या पडद्यावर घरचे जुने फोटो आणि फिल्मचे तुकडे. आणि हा आपला आयुष्यातल्या गोष्टी सांगतोय. १९९३ साली लॉस एंजेलिसला त्याने सामान्य माणसांसाठी कार्यशाळा घेतली. १९९४ मध्ये तो, नाटकाच्या क्षेत्रातला जो लँबर्ट आणि नीना मलन यांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोत केंद्र काढलं, ते १९९८ साली बर्कलीला गेलं. अ‍ॅचली २००० साली वारला. पण २००१ मध्ये डॅनियल मेडोज या छायाचित्रकाराने बीबीसीसाठी वेल्समध्ये हाच प्रकार गावोगावी नेला, आणि त्याला एक काटेकोर माप दिलं: साधारण २५० शब्द, डझनभर फोटो, दोन मिनिटं. मला हे माप फार आवडतं. मुलांना मुळीच आवडत नाही :)

आपल्याकडे चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगणं नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले, आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली काचेवर रंगवलेल्या चित्रांचा 'शांबरिक खरोलिका' सुरू केला, तेव्हा पडद्यावरच्या चित्रांना आवाज सांगणाऱ्या माणसाचाच होता. पण ओढूनताणून नातं जोडायला नको. चित्रकथी सगळ्यांना ठाऊक असलेली रामायण-महाभारतातली कथा सांगतो. इथे अपेक्षा अशी की, जे कुठेच लिहिलेलं नाही ते सांगायचं.

आणि इतिहासाच्या तासाला गंमत (आणि अडचण) नेमकी तिथेच सुरू होते.

पुस्तकात १९७२च्या दुष्काळाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी येतात. माणदेशातल्या एका मुलीने आपल्या आजीवर गोष्ट करायची ठरवली. आजी बोलली, भरभरून बोलली. मोबाईलवर पाऊण तास रेकॉर्डिंग. खडी फोडणं, कामावर मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेला लाल मिलो. आता या पाऊण तासाचे अडीचशे शब्द करायचे. पोरगी रडकुंडीला आली. "बाई, काय काय टाकून देऊ?" मला विचाराल तर वर्षभराच्या तासांपेक्षा त्या चार दिवसांत ती जास्त इतिहास शिकली. काय ठेवायचं, काय गाळायचं आणि का, हाच तर इतिहासकाराचा धंदा.

मग चित्रांचा प्रश्न. खडी फोडणाऱ्या बाईचा फोटो १९७२ साली कोण काढणार? पोरीने इंटरनेटवरून हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा एक फोटो उतरवून घेतला. तो निघाला हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात १८७६-७८च्या दुष्काळात काढलेला! शंभर वर्षांचं अंतर, मुलूख वेगळा, आणि माणसं अक्षरशः उपासमारीने मरणारी. बहात्तरला लोक तगले ते कामांमुळे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तो फोटो ठेवला असता तर आजीच्या आवाजातलं खरं त्या चित्राने खोटं पाडलं असतं. तेव्हापासून वर्गात नियम आहे: कोणी, कुठे, केव्हा काढला हे सांगता येत नसेल तर फोटो वापरायचा नाही. मग तिने काय केलं? आजीचे हात टिपले, घरातली जुनी हातोडी टिपली, आणि आजी ज्याच्या कामावर होती तो गावाबाहेरचा पाझर तलाव टिपला. तलाव अजून आहे. हे सुचवायला मी गेले नव्हते.

तिसरी अडचण शब्दाची. आजी म्हणते, "आमी रोजगार हमीवर जायाचो." आता वि. स. पाग्यांची ही योजना १९७२ साली मंजूर झाली होती हे खरं, पण त्या दोन वर्षांतली कामं मुख्यतः जुन्या दुष्काळ निवारणाच्या पद्धतीनेच चालली. हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे नंतरच्या कामांचं नाव आजीच्या आठवणीत मागे सरकलं असणार. वर्गात जोरदार वाद. काही म्हणाले ते वाक्य कापा, काही म्हणाले आजी स्वतः तिथे होती, पुस्तक लिहिणारा नव्हता. शेवटी आजीचं वाक्य तसंच राहिलं आणि लगेच पुढे नातीच्या आवाजात एक ओळ आली, की कायदा नंतरचा आहे, पण आजी त्या कामाला आजही हमीच म्हणते.

सगळ्यात अवघड गोष्ट घरून आली. मुलीच्या काकांना मिलोचा उल्लेख नको होता. लोकांसमोर कशाला सांगायचं आपण ते खाल्लं म्हणून? मी त्यात पडले नाही. आवाज आजीचा, तर ठरवायचंही आजीनेच. आजी म्हणाली, "खाल्ला तर खाल्ला, चोरून न्हाई खाल्ला." मात्र हातांचा फोटो काढून टाका म्हणाली, चांगला दिसत नाही म्हणून. मला तोच फोटो सगळ्यात जास्त आवडला होता. काढला.

चित्रं सरकवण्याच्या करामती, मागचं सनई-बासरीचं संगीत यावर मुलांचा फार जीव असतो. त्यावर मी फारसं भांडत नाही, फक्त बोलणं ऐकू आलं पाहिजे एवढंच बघते.

एक मात्र मी आता सक्तीने करते. सुरुवातीची कामं आम्ही विंडोज मूव्ही मेकरवर केली होती. तो मायक्रोसॉफ्टने २०१७ साली बंद केला, अर्धवट राहिलेली कामं नव्या संगणकांवर उघडेनात. सीडी आहेत, तर सीडी लावायची सोय नाही. म्हणून आता प्रत्येक गोष्टीचा मजकूर मुलं वहीत शाईने लिहून काढतात, खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि सही. आजीने अंगठा दिला आहे.