ॲव्हरेज किती देते?

मराठी माणसाने नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत लोक त्याला विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" गाडीचा रंग, वेग, ब्रेक लागतात की नाही, या चौकश्या मागाहून. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारावा तसा हा प्रश्न. आणि पगारासारखेच याचेही उत्तर थोडे फुगवून सांगायची आपल्याकडे रीत आहे. या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर द्यायचा मान बरीच वर्षे लहान डिझेल गाडीवाल्यांकडे होता. आमचे मेहुणे त्यांपैकीच. "वीस देते!" असे म्हणून ते माझ्या पेट्रोल गाडीकडे अशा करुणेने बघत, की मी रोज नोटा जाळून चहा करतो असे कुणालाही वाटावे.

मेहुण्यांची ही ऐट ज्याच्या जिवावर, तो गृहस्थ रुडॉल्फ डिझेल. जन्म १८५८, पॅरिसचा, माणूस जर्मन. वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता धुराड्यातून उधळून टाकते, याचे त्याला फार दुःख. (हा स्वभाव आपल्याकडे सदाशिव पेठेत खपला असता.) त्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला तपासले, तेव्हा त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्के कामाला लावली. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता. गंमत म्हणजे जगाला काटकसर शिकवणारा हा माणूस स्वतः कर्जात बुडाला आणि १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला.

त्याची युक्ती सायकलच्या पंपाला हात लावलेल्या कुणालाही कळेल. हवा दाबली की तापते. पेट्रोल इंजिन हवेला नऊ-दहा पट दाबते आणि ठिणगीने पेटवते. जुने लहान डिझेल इंजिन हवेला वीस-बावीस पट दाबते. मग ठिणगी लागतच नाही, डिझेल आपोआप पेटते. जेवढा दाब जास्त, तेवढे काम जास्त. शिवाय पेट्रोल गाडी हळू चालवताना तिचा घसा आवळून हवा कमी करावी लागते. डिझेलला हवा पोटभर देतात, फक्त इंधनाचे थेंब कमी करतात. म्हणून गर्दीत रखडत जाताना डिझेलची काटकसर जास्त दिसे. आणि गर्दी तर आपल्याकडे मुबलक!

पण एक गोष्ट मेहुणे कधी सांगत नसत. लिटरभर डिझेल लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे बारा टक्के जड असते आणि त्यात उष्णताही जवळजवळ तेवढीच जास्त. म्हशीच्या लिटरभर दुधावर गाईच्या दुधापेक्षा जाड साय येते, त्यात पातेल्याची काय हुशारी? ॲव्हरेज लिटरऐवजी किलोवर मोजायची पद्धत असती, तर मेहुण्यांची मान जरा कमी ताठली असती.

मोटारीत हे इंजिन आले १९३६ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. मर्सिडीजची ती २६० डी शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर डिझेल पिई. तशाच पेट्रोल गाडीला तेरा लिटर लागत. ती आवडली टॅक्सीवाल्यांना. लहान गाडीची पाळी आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फमध्ये दीड लिटरचे, ५० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले आणि डिझेल म्हणजे ट्रक हे समीकरण मोडले.

आपल्याकडे १९८० च्या सुमारास ॲम्बॅसडर डिझेलवर आली. दीड लिटर इंजिन, ३७ अश्वशक्ती आणि टनाहून जास्त वजन. चढावर ती इतकी विचारपूर्वक चढे, की मागच्या सीटवरचे प्रवासी नकळत पुढे वाकून मदत करीत. मग १९९८ च्या अखेरीस पिंपरीची इंडिका आली. लहान गाडीच्या आकारात ॲम्बॅसडरची ऐसपैस जागा आणि डिझेलचा खर्च! पुणेकराला याहून गोड गणित कोण घालणार?

या गणितात तिसरा भागीदार होता सरकार. डिझेल स्वस्त ठेवले होते ते शेतकऱ्याच्या पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी, मालाच्या ट्रकसाठी, एस.टी.साठी. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ च्या आतच होते. म्हणजे पंगत शेतकऱ्याची आणि वाढप्याने ओळखीने पहिले ताट वाढले आमच्या मेहुण्यांना. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर मोकळा झाला आणि पाटाखालचा पाट सरकला.

आता हिशेब मांडू. समजा, डिझेल गाडी एक लाखाने महाग. पेट्रोल १०० रुपये, गाडी देते १५. डिझेल ९० रुपये, गाडी देते २०. बचत किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांहून थोडी कमी. तो लाख वसूल व्हायला ४६,००० किलोमीटर हवेत. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला अडीच वर्षे पुरे. मंडई, देऊळ आणि वर्षाकाठी एक महाबळेश्वर करणाऱ्याला नऊ वर्षे. आणि दिल्लीत तर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली होती!

कारण धूर. काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ही डिझेलची जुनी दुखणी. त्याच वर्षी फोक्सवॅगनने धुराच्या चाचणीला चकवणारी यंत्रणा बसवल्याचे अमेरिकेत उघड झाले. एप्रिल २०२० मध्ये भारतात बीएस-६ नियम आले. धूर गाळायची साधने लहान डिझेल गाडीला इतकी महाग पडू लागली, की मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. इतकी वर्षे ॲव्हरेजमध्ये वाचलेले पैसे फुटपाथवरच्या पोरांची फुप्फुसे भरत होती. त्याची पावती कुणी फाडली नव्हती, एवढेच.

तरी डिझेलसाहेबाला दोष देऊ नये. त्याचे इंजिन खरोखरच काटकसरी. आपण ते एकट्याला घेऊन फिरणाऱ्या गाडीत बसवले. भरलेली एस.टी. लिटरला समजा चारच किलोमीटर जात असेल, पण आत चाळीस माणसे असतात. माणशी पाहिले तर १६० चे ॲव्हरेज झाले! पण तिला ते कुणी विचारत नाही. तिला एवढेच विचारतात, "जागा आहे का?"